कुमुदबाईंचा एकटा मासा

एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोरच्या माडीवर, एक टायपिंगचा क्लास होता. तो कुमुदबाई चालवत. एके काळी तिथे बारा मशिनं होती. जिन्यात पाय ठेवला की त्यांचा खडखडाट ऐकू येई आणि मधूनच ओळ संपल्याची घंटी टिणकन वाजे. दोन वेण्यांच्या मुली खिडकीशी उभ्या राहून आपल्या बॅचची वाट बघत. त्यांचा वेळ जावा म्हणून बाईंनी खिडकीत काचेची एक छोटी टाकी ठेवली होती. तिच्यात सहा निऑन मासे होते. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी झळाळती रेघ.

मुली म्हणत, "बाई, यांचा स्पीड बघा! आमच्यापेक्षा बरा आहे."

बाई म्हणत, "ते खाली बघत नाहीत ना. तुम्ही सारख्या बोटांकडे बघता."

मग कॉम्प्युटर आले. मुली कमी झाल्या आणि पुढे यायच्याच थांबल्या. मशिनांवर रेक्झिनची कव्हरं चढली. मासेही एकेक करून गेले. शेवटी एकच उरला. बाई तरीही रोज चार वाजता क्लास उघडत, झाडून घेत आणि टाकीजवळ खुर्ची ओढून बसत.

सहा होते तेव्हा कुणालाच नाव नव्हतं. या एकाला मात्र त्यांनी नाव ठेवलं, कॉमा. कोऱ्या कागदावर चुकून एकटाच स्वल्पविराम उमटावा, तसा तो दिसे. काचेला बोट लावलं की बोटापाशी येऊन थांबे. बाईंना भरून येई.

खालच्या झेरॉक्सवाल्या सरोजला त्या सांगत, "माझ्यावाचून राहत नाही गं तो."

"नशीबवान आहात, बाई," सरोज म्हणे. "आमच्या ह्यांना तीन हाका मारल्या तरी मान वर होत नाही."

एके दिवशी कॉमाची रेघ फिकी दिसली. दाणे तसेच पाण्यावर राहिले. बाई घाबरल्या. मासे विकणाऱ्या दस्तगीरचाचांना त्यांनी वर बोलावून आणलं.

चाचांनी वाकून टाकीत पाहिलं. "पाणी चांगलं आहे, बाई. पण हा एकटा का?"

"एकटा कुठे? मी असते की."

"तुम्ही माणूस. ही जात कळपाची. एका ठिकाणी सहा तरी लागतात. सहा असले की भीती सहांत वाटून जाते. एकट्याच्या वाट्याला सगळीच येते."

"अहो, पण तो माझ्या बोटापाशी येतो!"

"दुसरं कुणीच नाही, म्हणून येतो," चाचा हळूच म्हणाले. "आणखी पाच आणून सोडा. मग तो तुमच्याकडे येणार नाही, हे आधीच सांगतो."

बाईंना ते लागलं. "तुम्हाला मासे खपवायचेत, म्हणून म्हणताय."

"मग हा मला द्या. माझ्या टाकीत तीस आहेत, त्यांच्यात सोडतो."

"तो मी कुणालाही देणार नाही!"

चाचा गेले. दोन दिवस बाईंनी काहीच केलं नाही. नुसतं काचेला बोट लावून बसत. कॉमा येई, पण दाण्याला तोंड लावत नसे.

तिसऱ्या दिवशी स्टँडवर एका गाडीने कर्कश हॉर्न दिला. कॉमा दचकला, काचेवर आपटला आणि टाकीतल्या हवेच्या पंपामागे जाऊन थरथरत राहिला. बाईही दचकल्या होत्या. पूर्वी असा हॉर्न वाजला की सगळा क्लास दचके, आणि मग सगळा क्लास हसे. बाईंनी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे बारा झाकलेली मशिनं होती.

त्या उठल्या, चपला घातल्या आणि चाचांच्या दुकानात गेल्या.

पाच मासे पिशवीतून आले. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून बाईंनी पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली आणि मग तिचं तोंड उघडलं. पाचही मासे बाहेर पडून कोपऱ्यात दाटीने उभे राहिले. कॉमा पंपामागून हलेना. बाईंनी बोट उचललं. आपण बोट लावलं तर तो आपल्याकडेच येईल, हे त्यांना ठाऊक होतं. काचेपासून वीतभर अंतरावर ते बोट थांबलं. मग त्यांनी हात पदराखाली घेतला आणि खुर्ची पार मागे, भिंतीपर्यंत नेली.

बराच वेळ गेला. कॉमा थोडा पुढे आला, थबकला, पुन्हा पुढे आला. त्या पाचांनी त्याला जागा दिली की त्याने ती करून घेतली, ते बाईंना कळलं नाही. पण आता कोपऱ्यात सहा मासे होते.

आठवड्याने सरोज वर आली. "अगंबाई, किती छान दिसतायत! यातला कॉमा कुठला?"

बाई वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. सहाही निळ्या रेघा सारख्याच झळाळत होत्या.

"नाही गं सांगता येत," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि मग हसल्या. "पण बघ ना, वर एकसुद्धा दाणा उरलेला नाही."

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे त्याला आपल्याखेरीज कुणीच नाही, यात सुख मानू नये. त्याला त्याचे सोबती मिळवून द्यावेत, मग तो आपल्याकडे यायचा थांबला तरी चालेल.