पोटानं चालणारा राजा

एक होता राजा. त्याला हात नव्हते, पाय नव्हते, डोकंसुद्धा नव्हतं. नुसतं पोट. राजा होता बर्फाचा. त्याचं पोट एवढं मोठं की त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उडत जायला पाखराला महिना लागायचा. उंची म्हणाल तर ढग त्याच्या पाठीवर बसून दम खायचे. हुंकार द्या गं, नाहीतर गोष्ट इथेच थांबवते. हं.

मग हा राजा करायचा काय? तर चालायचा. पोटानं. दिवसाला वीतभर. तुम्हाला वाटेल, वीतभर म्हणजे काय मोठंसं! पण रोज वीतभर, आणि अशी हजारो वर्षं, बरं का. वाटेत डोंगर आला की डोंगर घासायचा. टेकडी आली की टेकडी गिळायचा. त्याच्या पोटाखाली धोंडे अडकलेले असत, घराएवढाले. ते नांगराच्या फाळासारखे जमिनीत रुतत. राजा नांगरत यायचा. पेरायचा मात्र काहीच नाही.

असा चालत चालत तो जमीन संपली तिथवर आला आणि मग समुद्रात शिरला. तेव्हाचा समुद्र आजच्यासारखा भरलेला नव्हता. खूप खाली होता, खूप लांब होता. कारण त्याचं कितीतरी पाणी राजाच्या पोटात गोठून बसलेलं. राजा उथळ पाण्यातून तळ खरवडत पुढे गेला. त्याच्या पोटाखाली एक लांबलचक, खोल चर पडला. आणि पुढे ढकललेल्या मातीचा, वाळूचा, गोट्यांचा झाला बांध. शेताला असतो तसाच, पण चाळीस कोस लांब. पाण्यातून वर डोकं काढलेला.

मग एके दिवशी राजा त्या बांधाशी थांबला. आणि हळूहळू मागे सरू लागला. चर उघडा पडला, त्यात समुद्र शिरला.

त्या बांधावर माणसं राहायला आली. माणसं काय, जिथे मासे तिथे माणसं. बावीस झोपड्यांची वाडी झाली. झाड म्हणून नव्हतं तिथे. झोपड्या कातड्याच्या, चुलीत जळायचं ते वाळलेलं शेवाळ. पुढे समुद्र, मागे तो चर. बांधाचं एक टोक तेवढं मागच्या उंच जमिनीला चिकटलेलं होतं. तिथे बांध बसका होता आणि अरुंद होता. म्हणून त्याला म्हणायचे बसकी वाट. जायचं तर तिथूनच जायचं. पण जात कुणी नसे. मासे इकडे होते ना!

या वाडीचा एक देव होता. पाणदेव. काळा दगड, दोघांनी उचलावा एवढा. तो पाण्याच्या काठावर असायचा. रीत अशी होती, की पुनवेच्या दुपारी मोठी भरती आली की लाटेनं पाणदेवाचे पाय धुवायचे. पाय कोरडे राहता कामा नयेत आणि गुडघे भिजता कामा नयेत. पाय धुतले गेले की वाडीतला सगळ्यात मोठा म्हातारा दगडावर माशाचं तेल ओतायचा आणि ओरडायचा, "पाणी देवाच्या पायाशी, वाडी आपल्या जागेशी!" मग सगळे जेवायला मोकळे.

आणि गुडघे भिजले तर? तर म्हातारे दोन माणसं बोलवायचे आणि देवाला थोडं मागे घ्यायचे. याला हलवणं म्हणायचं नाही, बरं का. याला म्हणायचं देवाला सावरणं. सावरून झालं की पुन्हा लाट यायची, पायच तेवढे धुवायची, आणि तेल पडायचं.

कळलं ना तुम्हाला? तुम्हाला कळलं. वाडीत कुणाला कळत नव्हतं.

एकीला कळलं. तिचं नाव धुरपी. वय तेरा, जीभ तिशीची. तिचे आईबाप एका थंडीत गेले होते. तिला वाढवलं तिच्या आज्यानं, राघोआज्यानं. हा राघोआजाच वाडीतला सगळ्यात मोठा म्हातारा. तेल ओतायचा मान त्याचा.

मग एकदा काय झालं, नऊ म्हातारे उन्हाला बसले होते. नवांचे मिळून दात असतील सात. धुरपी समोर जाऊन उभी राहिली.

"आजा, लहानपणी आपल्या दारापासून देव शंभर पावलं होता. आज मी मोजलं. साठ भरली."

म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. राघोआजा म्हणाला, "तुझे पाय वाढले, पोरी. लग्नाची झालीस आता."

धुरपी घरी आली. तिनं कातड्याची दोरी घेतली, दाराच्या खांबाला बांधली, देवापाशी नेली आणि तिथे गाठ मारली. वर्षभर ती दोरी जपली. वर्षानं पुन्हा ताणून पाहिली तर गाठ देवाच्या पुढे, पाण्यात. ती पुन्हा म्हाताऱ्यांपुढे गेली. म्हातारे म्हणाले, "कातडं आहे ते. ओलं झालं की ताणतं. घरात काम नाही का तुला?"

मग तिसऱ्यांदा तिनं दोरी नेली नाही, पावलंही मोजली नाहीत. तिनं सरळ विचारलं.

"आजा, देवाला हलवतं कोण?"

"देव जागचा हलत नाही."

"मी पाहिलंय तुला. तू आणि आणखी दोघं."

"ते सावरणं. हलवणं नव्हे. माझ्या आज्यानं सावरलं, त्याच्या आज्यानं सावरलं. तू कालची पोर, मला शिकवतेस?"

धुरपीच्या अंगाची लाही लाही झाली. पण म्हाताऱ्यांशी भांडून काय मिळणार होतं? तिनं सुके मासे फडक्यात बांधले आणि निघाली. बसक्या वाटेनं उंच जमिनीवर गेली, चराच्या काठानं तीन दिवस चालली आणि राजापाशी पोचली.

राजाची रया गेली होती. अंग मळकट, भेगाळलेलं. पोटाखालून ओढे वाहत होते.

"राजा, राजा, समुद्र वर का येतोय?"

राजा फार हळू बोलायचा. एक शब्द, मग पुष्कळ वेळानं दुसरा. तो म्हणाला, "तो समुद्र नाही, मुली. तो मीच आहे. ऊन वाढलंय. मी वितळतोय आणि त्याच्यात मिसळतोय."

"राजा, राजा, मग तू थांबव ना स्वतःला."

"मी आयुष्यभर चाललो. थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही."

"राजा, राजा, आमच्याकडे दिवस किती आहेत?"

राजाच्या आतून कडकड आवाज आला. मग म्हणाला, "माझं पोट अजून तळाला टेकलंय. म्हणून मी राजा. पण पाणी पोटाखाली शिरतंय. ज्या दिवशी ते मला उचलेल, त्या दिवशी मी तरंगेन. तरंगलो की फुटेन. फुटलो की माझे तुकडे समुद्रभर सुटतील आणि तुमच्या बांधावरून पाणी जाईल. तीन पुनवा. चौथी धरू नकोस."

हुंकार कुठे गेला? अजून निजू नका.

धुरपी परतली. तिनं सगळं सांगितलं. म्हातारे म्हणाले, "बर्फ बोलतो होय? बरं, बरं." कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून ताप आहे का तेही पाहिलं.

पण वाडीत एक नियम होता. देवाला कुणी मिठी मारून बसलं असेल, तर त्याचं मागणं पुरं होईपर्यंत देवाला हात लावायचा नाही. पुनवेची दुपार झाली. म्हातारे सावरायला आले, तर धुरपी देवाला मिठी मारून बसलेली.

"ऊठ," राघोआजा म्हणाला.

"नाही उठत."

"मागणं काय आहे तुझं?"

"देव आहे तिथेच राहू दे. एवढंच."

भरती आली आणि देवाचे गुडघे भिजले. तेल पडलं नाही. वाडी त्या दिवशी चुपचाप जेवली. दुसऱ्या पुनवेला पाणी देवाच्या छातीला लागलं. धुरपी पुन्हा देवाला मिठी मारून कुडकुडत बसून राहिली. बायका काठावरून ओरडल्या, "मरशील गं कार्टे, थंडीनं मरशील!" ती म्हणाली, "मग या, आणि पाणी कुठवर आलंय ते बघा." काही आल्या. त्यांनी पाहिलं. आणि त्या घरी जाऊन गाठोडी बांधू लागल्या.

तिसऱ्या पुनवेला पाणी देवाच्या डोक्यावरून गेलं. धुरपी गळ्याइतक्या पाण्यात उभी होती आणि पायानं देव चाचपत होती. सगळी वाडी काठावर. सगळ्यांनी राघोआज्याकडे पाहिलं.

राघोआजा पाण्यात उतरला. त्यानं तिला उचलून बाहेर आणलं, आपलं कातड्याचं पांघरूण तिच्यावर घातलं. मग खाली बघून म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांत मी देवाला एकशे दहा वेळा मागे घेतलाय. पुढे एकदाही नाही."

धुरपीचे दात वाजत होते. तरी ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला म्हणालास, पाय वाढले?"

"काय सांगणार होतो वाडीला? जायचं कुठे? तिकडे मासे नाहीत. म्हटलं, माझ्या हयातीत निभावेल. सगळे सुखानं झोपतायत, झोपू देत."

"तुझ्या हयातीत!" धुरपी म्हणाली. "आणि आमच्या?"

 

तेवढ्यात उत्तरेकडून आवाज आला. आभाळ फाटावं तसा. राजाचं पोट तळापासून सुटलं होतं.

मग वाडी उठली. लेकरं पाठीशी, गाठोडी डोक्यावर, सगळे बसक्या वाटेकडे धावले. वाट पाण्याखाली गेलेली. पाणी आधी घोट्याला, मग मांडीला, मग कमरेला. राघोआजा मध्ये उभा राहून एकेकाला हात देत होता. बावीस झोपड्यांची माणसं पलीकडे पोचली. नव्हते ते आठ म्हातारे. ते बांधाच्या सगळ्यात उंच जागी मांडी घालून बसले होते. कमरेएवढ्या पाण्यातून माणसं मारत होती त्या हाका त्यांना ऐकू येत होत्या, पण ते उठत नव्हते.

राघोआजा म्हणाला, "मी त्यांना घेऊन येतो."

धुरपीनं त्याचा हात धरला. "नको. नाही यायचे ते. तुला माहीत आहे."

"माझ्या शब्दावर बसलेत ते, पोरी. हात सोड."

तिनं सोडला नाही. त्यानं सोडवून घेतला.

उंच जमिनीवरून तिला दिसत होतं, आजा पाण्यातून चालत गेला, चढला, त्यांच्यापुढे उभा राहिला. वाऱ्यावर त्याचा आवाज येत होता. "चला रे! उठा! पाणी येतंय!" आणि त्यांचं उत्तरही येत होतं. ते हसत होते. "राघोबा, तूच तर सांगायचास! पाणी देवाच्या पायाशी!"

"खोटं सांगायचो मी! खोटं!"

"मग आता खरं कशावरून?"

त्यानं एकाचा हात ओढला. तो उठला नाही. दुसऱ्याचा ओढला. तोही उठला नाही. मग राजाचा एक तुकडा आला, डोंगराएवढा, सावकाश. तो मधून जाऊ लागला आणि धुरपीला पलीकडचं काही दिसेना. ती तिथेच उभी राहिली. तुकडा जायला पुष्कळ वेळ लागला. तो गेला तेव्हा पलीकडे नुसतं पाणी होतं.

मग राजाचे सगळे तुकडे समुद्रभर भटकत सुटले. धनी नसलेल्या गुरांसारखे. वारा नेईल तिकडे जायचे, आणि ज्यांची पोटं खोल होती ती तळाला घासायची. तळावर वेड्यावाकड्या रेघा उठल्या. एक रेघ दुसरीला कापून जाते, मध्येच वळते, मध्येच संपते. तुकडा जिथे अडकून बसला तिथे खड्डा पडला. वितळताना पोटातले धोंडे सुटले आणि एकेक करून खाली गेले, चिखलात रुतले. राजा असा पाण्यात विरून गेला.

आणि समुद्र चढतच राहिला. बांध बुडाला, चर बुडाला, चुलीतली राख बुडाली. इतक्या खोल तळाशी लाटेचा हात पोचत नाही, बरं का. म्हणून तिथे काही पुसलं जात नाही. चर आहे, बांध आहे, रेघा आहेत, धोंडे आहेत. बांधावर आता माशांची वस्ती आहे. कुणी वरून जाळं टाकलं तर धोंड्यांना अडकून फाटतं. तळाला काय आहे हे वरून कुणाला दिसत नाही.

उंच जमिनीवर पहिली तीन वर्षं उपासाची गेली. मग एका खाडीत मासे सापडले. मग झोपड्या झाल्या, मग लेकरं झाली. धुरपी म्हातारी झाली, आधी आजी, मग पणजी झाली. पोरं तिला नाही नाही ते विचारायची, आणि ती कधी म्हणाली नाही की गप्प बस. माहीत असेल ते सांगायची. भीती वाटेल असं असलं तरी सांगायची. पोरं घाबरायची, रडायची, आणि रडून झाल्यावर तिच्याच कुशीत शिरायची.

वाचले ते जगले. रोज जेवले, भांडले, हसले, निजले. तुम्हीही निजा आता. उशीखालचा हात काढ गं, मुंग्या येतील.