सम्राटांना सरळ कोण करणार?

"ध्रुवतारा जागचा थोडा सरकलाय, महाराज," असं वेधशाळेतला शिनपो म्हणाला आणि थेट तुरुंगात गेला. आयुष्यभर तारे वाचले बिचाऱ्याने, पण सम्राटांचा चेहरा काही वाचता आला नाही!

चीनच्या दरबारात ध्रुव म्हणजे आकाशातले सम्राटच. त्याच्याभोवती तारे फिरतात, यांच्याभोवती मंत्री. सिंहासन, पूजा, मिरवणुका, सगळं त्याच्या रोखाने. तोच सरकला म्हणजे काय! सम्राट गरजले, "पौर्णिमेच्या आत तारा ढकलून जागेवर आणा, नाहीतर शिनपोचं मुंडकं उडवा!"

पंडितांनी माना डोलावल्या. त्यांच्या थोड्याच उडणार होत्या!

शिनपोची बायको सुईफांग सिंहासनावरच्या उशा मांडायची. दुसऱ्या दिवशी ती भलामोठा बांबू घेऊन दरबारात हजर!

"हे काय गं?" सम्राट म्हणाले.

"तारा ढकलायला आणलाय, महाराज. एकच शंका आहे. तो तारा म्हणजे कोण?"

"आम्ही!"

"अगदी आपणच?"

"नखशिखांत आम्हीच!"

"आणि आपल्याला ढकललं तर शिक्षा काय?"

प्रधानाने तत्परतेने कायदा म्हणून दाखवला, "सम्राटांना जो हात लावील त्याचं मुंडकं! आणि जो लावायला सांगेल त्याचंही!"

"म्हणूनच विचारते," सुईफांग म्हणाली. "जेवणानंतर दरबारात आपल्याला डुलकी लागते. कलता कलता आपण खजिनदारांच्या खांद्यावर जाता. पण सरळ करायची छाती आहे का कुणाची? मग आकाशातल्या आपल्याला मी बांबूने कशी ढोसू? माझं मुंडकं गेलं तर जाऊ दे. पण हुकूम कुणी दिला, ते नाव आधी सांगा!"

प्रधान आपले जोडे निरखू लागला.

सम्राटांनी आपली मान चाचपली आणि खदाखदा हसत सुटले. हसता हसता इतके कलले की मुकुट कानावर आला. मंत्री जमिनीकडे बघत उभे!

"अगं, बघतेस काय? सरळ कर मला! शिक्षा माफ!"

"आधी नवरा सोडा, महाराज. तोवर बसा तसेच. वरचा ताराही तसाच बसलाय!"

शिनपो दारात येईपर्यंत सम्राट वाकडेच बसले, हसत. मग शिनपोला वेधशाळेची मुख्य गादी मिळाली. आणि सुईफांगला? सम्राटांना एका बोटाने सरळ करायचा हक्क! साऱ्या चीनमध्ये तो एकट्या तिलाच होता.