एका खुर्चीपुरता आवाज

“चाचा, तेवढी एक गाठ राहिलीय. ती कशी काढायची, एवढंच सांगा.”

श्रीपाल मगदूमने लॅपटॉपवरच्या आलेखाकडे बोट केलं. रेघ सपाट होती. खर्जाच्या जागी मात्र बोराएवढा उंचवटा.

दस्तगीरचाचांनी मिरजेत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. श्रीपालला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलेलं. जुन्या बाजारात मिळालेला हा जपानी इक्वलायझरही त्यांनीच जिवंत करून दिला होता. दोन्ही बाजूंना दहा-दहा सरकत्या कळा. एकेक कळ आवाजाचा एकेक पट्टा चढवणारी, उतरवणारी. पण तो घरात लागलेला पाहायला ते आज पहिल्यांदाच आले होते.

भिंतींवर सतरंज्या. कोपऱ्यांत आणि खिडकीत उभ्या गाद्या. मधोमध एकच खुर्ची, तिच्या पायांभोवती खडूच्या खुणा.

“तीन महिने लागले, चाचा. खोलीची एकेक चूक हुडकून काढली. इथं बसलं की खोली उरतच नाही. बसा ना.”

चाचा बसले नाहीत...

पद्मिनी चहा घेऊन आली. उंबऱ्याबाहेरूनच तिनं ट्रे पुढे केला.

“आत ये की, पोरी.”

“नको. काही हललं की ह्यांचा आलेख बिघडतो.”

“तू कुठं बसतेस?”

“स्वयंपाकघरात असते मी.”

“गाणं ऐकायला कुठं बसतेस, असं विचारतोय.”

तिची नजर खिडकीतल्या गादीकडे गेली.

श्रीपालने मान खाली घातली. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं रोज संध्याकाळी ह्याच खोलीत, खिडकीशी बसून टेप ऐकायची. ते कधी थांबलं, त्याला आठवेना...

चाचांनी खिडकीतली गादी बाजूला सारली.

“पोरी, बस इथं. श्रीपाल, लाव.”

पद्मिनी आत येऊन खिडकीशी बसली. गाणं सुरू झालं.

“कसं वाटतंय?” चाचांनी तिला विचारलं.

“बाई पिंपात बसून गातेय.”

“तिथलं मोजलेलंच नाही!” श्रीपाल घाईने म्हणाला. “सगळं माप खुर्चीपाशी घेतलंय.”

चाचांनी खालच्या स्वरांची एक कळ उतरवली. पद्मिनीकडे पाहिलं. आणखी एक उतरवली. वरच्या स्वरांची किंचित चढवली. आलेखाकडे ते बघतच नव्हते.

पद्मिनीची मान नकळत डोलू लागली.

श्रीपाल जाऊन खुर्चीत बसला. पडद्यावरची रेघ पार वाकडी झालेली. गाणं पातळ लागत होतं.

“तिकडं अजून घुमतंय का गं?”

“थोडं घुमतंय.”

“बघा! आता कुणाचंच बरोबर नाही, चाचा!”

चाचांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

“दोघांचंही थोडं थोडं चुकतंय ना? मग राहू दे.”