उत्पन्नाचा दाखला

प्रांजल खोब्रागडेचे वडील खासगी बसवर ड्रायव्हर होते. दिवाळीनंतर ते अपघातात गेले आणि आईच्या मजुरीत तिच्या नर्सिंग कॉलेजची फी भागेना. सरकारी शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून ती तहसील कचेरीत आली.

नायब तहसीलदार देवतळे नियमावर बोट ठेवणारे गृहस्थ. खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "गेल्या वर्षीचा वडिलांचा पगार मर्यादेच्या वर आहे. दाखला त्यावरच निघतो. माझ्या लेखी ते अजून कमावतेच आहेत."

प्रांजल शांतपणे म्हणाली, "साहेब, शेजारच्या खिडकीत तुमच्याच माणसांनी रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी केलं. धान्य घेताना ते मेलेले आणि शिष्यवृत्ती मागताना जिवंत. मग मला एवढंच सांगा, ते कोणत्या खिडकीवर भेटतील? आई घरी वाट बघते."

देवतळ्यांनी तिचा अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी आईच्या मजुरीवरून दाखला लिहून दिला.

बाहेर लोक म्हणाले, "पोरीनं साहेबांना बरं गप्प केलं."

प्रांजल मात्र पायरीवर बसून रडत होती. साहेबांनी एखादी खिडकी दाखवली असती, तर ती धावत गेली असती.