फक्कीचा वाडा

रणधीरराजांनी तळेगव्हाणच्या माळाचे घरांसाठी तुकडे पाडायचे ठरवले आणि गाव धास्तावलं. गाव माळाच्या या अंगाला, तळं त्या अंगाला, आणि गुरांना पाण्यावर न्यायची वाट काय ती माळाच्या मधून एवढीच. दिवाण त्र्यंबकपंतांनी नकाशा असा चोख काढला की ती वाटच गायब! तिच्यावरसुद्धा घरं.

गावाची हरकत ऐकायची रीत होती, म्हणून राजे माळावर आले. रीत म्हणून आले हो, ऐकायला नव्हे. पाटील बोलले, माळी बोलले, धनगर बोलले, सगळ्यांचं म्हणणं एकच, की वाट तेवढी ठेवा. राजे वैतागले.

"वाट, वाट! कान किटले माझे," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत मीच माझ्या तोंडाने वाट मागितली, तर सोडीन. नाहीतर उद्या पाया खणायला घ्या."

आता राजा कशाला वाट मागतोय? पाटलांनी कपाळाला हात लावला. पण ठकू गवळीण पदर खोचून पुढे आली. वाट गेली की तिला म्हशी विकून गोठा मोडावा लागणार होता, ती बरी गप्प बसेल! वाटेचं मात्र तिने नावच काढलं नाही. म्हणाली, कापडावरचा नकाशा आम्हाला काय कळतो, जमिनीवर चुन्याची फक्की टाकून दाखवा. रेघ ती भिंत समजायची, म्हणजे कोणाचं घर कुठे ते नीट दिसेल.

राजांना हे भलतंच आवडलं. रेघ ओलांडील त्याला भिंत फोडल्याची शिक्षा, असा त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. त्यांचा स्वतःचा वाडा नकाशात अगदी मधोमध होता, जांभळाच्या झाडाखाली, तळ्याचा गार वारा खात. तिथे गादी टाकून ते ऐटीत बसले. दिवाणांच्या माणसांनी वाड्याची आणि भोवतीच्या सावकार, देसाई वगैरे मंडळींच्या घरांची फक्की मारली. सरकारांचं जेवण आज माझ्याकडे, असं सांगून ठकू घरी गेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती परतली. टोपल्यात ज्वारीची गरम भाकरी, भरली वांगी, वर खरवसाचं भांडं. वास पार जांभळापर्यंत पोचला. बाई मात्र माळाच्या कडेलाच, फक्कीच्या बाहेर थांबली.

"अगं, ये ना आत," राजे म्हणाले.

"कुठून येऊ सरकार? इकडून आले तर सावकारांच्या माजघरातून यावं लागतं. तिकडून आले तर देसायांच्या देवघरातून."

राजांनी मान वळवून चहूकडे पाहिलं. पुढे भिंत, मागे भिंत, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं. त्यांच्या वाड्याला दार होतं, पण दाराबाहेर पाऊल टाकायला जागा नव्हती. बाहेर त्यांचा घोडा उभा, आत ते स्वतः अडकलेले, आणि पोटात कावळे ओरडत होते.

त्र्यंबकपंत छत्री सावरत धावत आले. "सरकार, फक्की तर आहे ही! ओलांडा आणि या."

"या की सरकार, खुशाल या," ठकू म्हणाली. "राजाला भिंतीतून जाता येत असेल, तर माझ्या म्हशींनाही येईल. त्याही उद्यापासून सावकारांच्या माजघरातूनच पाण्यावर जातील."

राजे आधी दिवाणांकडे बघत राहिले, मग खरवसाच्या भांड्याकडे. आणि एकदम असे हसत सुटले की पागोटं मांडीवर पडलं.

"पंत, वाट सोडा! गावापासून पार तळ्यापर्यंत, सरळ! आणि आधी ते टोपलं आत येऊ द्या!"

माणसांनी पायांनी फक्की पुसली. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हाती दिलं आणि नव्या वाटेवरच मधोमध मांडी घालून जेवायला बसले. ठकूच्या म्हशी तोवर पाण्याला निघाल्या होत्या, त्यांना मात्र राजांचा खरवस संपेपर्यंत थांबावं लागलं.