अठ्ठावीस हजार आठशे वर्षे

एकदा एक वृद्ध लेखनगुरू होते, आणि या गोष्टीत दोष त्यांचाच होता. शिष्याचा नव्हे, राजाचा नव्हे. हे आधीच सांगतो, कारण अशा गोष्टींत म्हातारी माणसे हमखास सहीसलामत सुटतात.

प्राचीन सुमेर देशात त्यांची पाठशाळा होती. तिथे ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने अक्षरे उमटवायला शिकवत. गुरुजींची कीर्ती होती ती प्राचीन राजांच्या यादीसाठी. तिच्या आरंभीच अलुलिमाचे नाव. राजपद स्वर्गातून उतरले ते प्रथम त्याच्याकडे, आणि त्याने अठ्ठावीस हजार आठशे वर्षे राज्य केले, असे तीत लिहिलेले.

एका नावाड्याचा मुलगा त्यांचा सर्वांत तल्लख शिष्य. तो एकदा म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा साठीत गेले. शेवटची दहा वर्षे तोंडात एक दात नव्हता. या राजाने एवढी वर्षे खाल्लं काय असेल?"

गुरुजी मनापासून हसले. "मलाही ठाऊक नाही रे. माझ्या गुरूंनी लिहिलं, मी लिहिलं, आता तू लिही."

पुढे राजाचा कारभारी पाठशाळा पाहायला आला. त्या शिष्याने यादी वाचून दाखवली. कारभाऱ्याने सहज विचारले, "एवढी वर्षं खरी ना रे?"

"ठाऊक नाही," शिष्य म्हणाला. "गुरुजींनाही ठाऊक नाही. तेच म्हणाले."

कारभारी गुरुजींकडे वळला.

"मी?" गुरुजी म्हणाले. "मी असं कधीच बोललो नाही. पोरगा उद्धट आहे." आणि सर्वांदेखत त्यांनी त्याला छडीने फोडून काढले, हाकलून दिले.

त्यानंतर महिनाभर त्यांना अन्न गोड लागेना. अखेर शोधत शोधत ते नदीकाठी गेले. शिष्य तिथे विटा पाडायच्या कामाला लागला होता. गुडघाभर चिखल तुडवत होता.

"या गुरुजी," तो म्हणाला. "माती तीच आहे. इथे फक्त कुणी वाचायला सांगत नाही."

"चुकलो रे. परत ये."

"खोटं पाडलंत ते भर शाळेत. आणि माफी इथे, विटा वाहणाऱ्या गाढवांसमोर?"

गुरुजी आल्या वाटेने परत फिरले.

काही दिवसांनी कारभारी राजासाठी यादीची नवी प्रत न्यायला भर शाळेत आला. गुरुजींनी रात्रंदिवस खपून लिहिलेली ती पाटी, अजून न भाजलेली, दोन्ही हातांत घेतली आणि पाण्याच्या हौदात सोडून दिली. मुलांच्या चुकलेल्या पाट्या भिजवून त्यांची पुन्हा माती करत, तो हौद. अक्षरे डोळ्यांदेखत विरघळली.

"वेड लागलं की काय?" कारभारी ओरडला.

"यादीत काही चुकलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "अलुलिमाने तेवढी वर्षं राज्य केलं असेल, नसेलही. मला ठाऊक नाही. त्या दिवशीही नव्हतं. पण तेवढे साधे शब्द माझ्या तोंडून निघेनात, म्हणून ज्याच्या तोंडून निघाले त्याला मी मारलं. तो खरं बोलला होता. खोटं मी बोललो. ज्या हाताने ती छडी उगारली, त्या हाताचं लिखाण राजाने जपून ठेवावं, याची मला लाज वाटते."

मुले हौदातल्या गढूळ पाण्याकडे बघत राहिली.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी 'मला ठाऊक नाही' हे मुलांसमोर, मोठ्याने, एकदा म्हणून पाहावे.

गुरुजींची पाठशाळा त्याच दिवशी काढून घेण्यात आली. नावाड्याचा मुलगा परत आला नाही.