तीनशे बारा पायऱ्यांची कचेरी

कुरणगडच्या महाराजांनी अपंगांना काम मिळवून देण्यासाठी एक कचेरी काढली आणि ती गडाच्या माथ्यावर बसवली. तीनशे बारा पायऱ्या चढून. नियम असा, की अर्जदाराने स्वतः, कोणाचाही आधार न घेता, वर येऊन अर्ज द्यावा.

एकदा एक कुबडीवाला शिंपी दोन दिवस खपून वर पोचला. दिवाण त्रिंबकपंतांनी त्याचं अभिनंदन केलं, अर्जावर ‘धडधाकट’ असा शेरा मारला आणि त्याला खाली पाठवून दिलं. जो चढला तो अपंग नाही, जो अपंग तो चढत नाही! सात वर्षांत कचेरीने एकालाही काम दिलं नाही. दर वर्षी अहवाल मात्र जाई : ‘राज्यात काम मागणारा अपंग उरलेला नाही.’ महाराज अहवाल वाचून खूश होत आणि पंतांना शाल देत.

गडाच्या पायथ्याशी चांगुणा राहायची. चांभाराची लेक. लहानपणी आलेल्या तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. हातांना लाकडी ठोकळे बांधून ती जमिनीवरून सरकत चाले. पण तिने शिवलेलं खोगीर घोड्याच्या पाठीवर असं बसे, की घोडा मागे वळून बघत नसे. महाराजांची पागा तिथेच पायथ्याशी होती, आणि तिथल्या धडधाकट कारागिरांच्या खोगिरांनी घोड्यांच्या पाठी सोलून निघत होत्या. चांगुणाचा बाप वारल्यापासून घरात मिळवणारं कोणी नव्हतं. तिला ते काम हवं होतं.

एके दिवशी तिने महाराजांची पालखीच अडवली.

“महाराज, पागेत काम द्या. खोगीर शिवते मी.”

“कचेरीत अर्ज दिलास?”

“कचेरी वर आहे.”

“मग वर जा.”

“वर गेले तर पंत म्हणणार, धडधाकट आहेस. नाही गेले तर म्हणणार, अर्ज नाही.”

“बरोबर समजलंय हिला,” पंत कौतुकाने म्हणाले.

“नियमात चूक आहे, महाराज.”

पालखीचे भोई खांदा बदलायचं विसरले. महाराजांना असं कोणी बोलत नसे.

“चूक? मी केलेल्या नियमात?” महाराज पालखीतून वाकले. “मग असं कर. हा नियम चुकीचा आहे हे माझ्याच तोंडून वदवून घे. देवीच्या जत्रेपर्यंत. वदवलंस तर काम तुझं. नाही तर पुन्हा माझ्या वाटेत यायचं नाही.”

पंत हसले. “पोरी, दुसरं काहीतरी माग. तीस वर्षं चाकरी करतोय. ‘माझं चुकलं’ हे शब्द महाराजांना येतच नाहीत.”

चैत्रातली जत्रा आली. त्या दिवशी कुरणगडात पालखी नसते. राजा पहाटेच्या गारव्यात चालत गड उतरतो, पायथ्याच्या देवीची पूजा करतो आणि चालतच परत चढतो. देवळाच्या दारात सगळ्यांचे जोडे सांभाळायचा मान चांगुणाच्या घराण्याचा. तिच्या हातून मिळाल्याशिवाय राजानेही पायात घालायचे नाहीत, अशी रीत.

पूजा आटोपेपर्यंत दुपार झाली. पायऱ्यांचे काळे दगड भाकरी भाजावी असे तापले होते. महाराज उंबऱ्यावरच्या वीतभर सावलीत उभे राहिले.

“चांगुणा, जोडे आण.”

“देते की. अर्ज आणलाय?”

“कसला अर्ज?”

“जोडे मिळण्याचा. मान माझा, तेव्हा नियमही माझा. आजपासून केलाय. अर्ज कचेरीत द्यायचा. वर. स्वतः जाऊन, कोणाचा आधार न घेता.”

“अगं, शुद्धीवर आहेस का?” पंत मध्ये पडले. “या दगडांवरून महाराज अनवाणी वर जातील कसे?”

“नाही गेले तर अर्ज नाही, पंत. आणि अर्ज नाही तर जोडे नाहीत. तुम्हाला सांगायला नको.”

महाराज हट्टाचे. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला आणि तिसरीवरून असे उड्या मारत परत आले, की जत्रेतले ढोलवाले चुकून वाजवायला लागले.

“समजा,” पाय चोळत महाराज म्हणाले, “समजा, मी गेलो वर. मग तरी देशील?”

“मग कशाला? अनवाणी तीनशे बारा पायऱ्या चढणाऱ्या माणसाला जोड्यांची गरजच काय? पंत शेरा मारतील, धडधाकट.”

“म्हणजे गेलो तरी नाहीत आणि न गेलो तरी नाहीत?”

“हो.”

“असला मूर्ख नियम कोणत्या गाढवाने...”

महाराज थांबले. पंत आभाळाकडे बघू लागले.

“बोला ना, महाराज,” चांगुणा म्हणाली. “मी ऐकतेय.”

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे, मग स्वतःच्या लालबुंद तळव्यांकडे. आणि उंबऱ्यावर फतकल मारून ते इतके हसले, की पागोटं कानावर आलं.

“चुकला. नियम चुकला. मीच ते गाढव. पंत, लिहून घ्या. कचेरी आजच्या आज खाली आणायची, पागेच्या शेजारी. सात वर्षांत ज्यांना परत पाठवलंत त्यांच्या दारी तुम्ही स्वतः जायचं आणि कोण काय काम करू शकतो ते विचारायचं. पहिला तो शिंपी. आणि पागेतली सगळी खोगिरं आजपासून चांगुणाच्या हाती.”

चांगुणाने जोडे पुढे केले. महाराजांनी ते घातले आणि पहिल्यांदाच जोड्यांकडे आदराने पाहिलं.

पंत एका पायावर उभे होते. “माझे?”

“तुमचे गुरवाबरोबर वर पाठवलेत, पंत. कचेरीत ठेवलेत. कचेरी आणायला जाताय ना? येताना घालून या.”

महाराज पुन्हा उंबऱ्यावर बसले. हसू आवरेपर्यंत त्यांना उठता येईना.